रेषेबाहेरचा माणूस

फुटबॉलच्या मैदानाला चुन्याची एक रेषा असते. खेळाडूचं आयुष्य तिच्या आत जातं, प्रशिक्षकाचं बाहेर. रेषा ओलांडायला एक पाऊल पुरतं. मनाला मात्र कधीकधी सारा जन्म पुरत नाही. क्रोएशियाच्या इगोर स्टिमॅक यांच्या कारकिर्दीकडे पाहताना हे फार जाणवतं.

स्टिमॅक हे हायडुक स्प्लिट या क्रोएशियन क्लबचे बचावपटू. १९८७ साली चिलीत युवा विश्वचषक जिंकणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या संघात ते होते. पुढे चारच वर्षांत त्या देशाचे तुकडे पडू लागले. ८ मे १९९१ रोजी बेलग्रेडला युगोस्लाव्ह चषकाच्या अंतिम सामन्यात हायडुकसमोर सर्बियाचा रेड स्टार होता. हायडुकने सामना १-० असा जिंकला. पण स्टिमॅक आणि रेड स्टारचे सिनिशा मिहायलोविच यांच्यात अशी जुंपली, की दोघांनाही लाल कार्ड मिळालं. पुढच्याच महिन्यात क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. १९९८च्या विश्वचषकात या नव्या देशाने तिसरा क्रमांक पटकावला, तेव्हा बचावफळीत स्टिमॅक होते.

मार्च २०१३मध्ये झाग्रेबला क्रोएशिया आणि सर्बिया समोरासमोर आले. एका संघाचे प्रशिक्षक स्टिमॅक, दुसऱ्याचे मिहायलोविच. दोघांनी हात मिळवला. रेषेबाहेर आलेल्या माणसाला वैर खाली ठेवता येतं, हे त्या दिवशी दिसलं.

लळा मात्र असा खाली ठेवता येत नाही. २०१९मध्ये स्टिमॅक भारताचे प्रशिक्षक झाले. २१ जून २०२३ रोजी बंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध भारत २-० असा पुढे होता. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इनसाठी चेंडू डोक्यामागे नेत होता. पंचांचा निर्णय आपल्यावर अन्याय करणारा आहे, असं स्टिमॅक यांना वाटलं आणि मागून हात घालून त्यांनी चेंडू उडवला. पुन्हा लाल कार्ड. आपल्या पोरांसाठी पुन्हाही असंच करीन, अशा अर्थाचं ते नंतर बोलले. पोराला विहिरीत पोहायला सोडून काठावर उभ्या राहिलेल्या बापाचे हात जसे आपोआप पुढे होतात, तसं ते होतं. नियमाने ते चूकच, आणि शिक्षाही रास्त.

पण त्याच लळ्याने काही घडवलंही. १० सप्टेंबर २०१९ला दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारताने ०-० असं रोखलं, तेही कर्णधार सुनील छेत्रीविना. कतारचे फटक्यांवर फटके येत होते. गोलरक्षक गुरप्रीतसिंग ते अडवत होता. त्याच्यापुढच्या फळीत संदेश झिंगन, मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई. स्वतः चेंडूला पाय न लावता स्टिमॅक यांनी आपला बचाव या चौघांच्या अंगी उतरवला होता.

राखायचं ते शिकवून झालं; मिळवायचं शिकवणं त्यांना साधलं नाही. २०२३मध्ये मायदेशी तीन स्पर्धा जिंकणारा संघ पुढच्याच जानेवारीत आशिया चषकात तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. मार्चमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ असं हरवलं. ११ जून २०२४ला पुन्हा दोहा. चेंडू गोलरेषेवरून बाहेर गेला होता. तो आत ओढून कतारने बरोबरीचा गोल केला आणि पंचांनी तो मान्यही केला. भारत १-२ असा हरला आणि विश्वचषकाच्या वाटेवरून बाहेर पडला. आठवडाभरातच स्टिमॅक यांना पदावरून काढलं गेलं.

दोह्यातला तो गोल अन्यायच होता. तरी एका गोलावर सारं अवलंबून राहण्याची पाळी आली ती गुवाहाटीमुळे, आणि तिथे पंचांचा काही दोष नव्हता. माया पद्धतीची उणीव भरून काढत नाही, हे कबूल करायलाच हवं. पण नुसत्या पद्धतीच्या बळावर कुणी कतारसमोर नव्वद मिनिटं छाती पुढे करून उभं राहत नाही, हेही तितकंच खरं. शिकवणारा माणूस बहुधा शिष्यांना स्वतःलाच देऊन जातो, आणि स्टिमॅक अखेरपर्यंत बचावपटूच राहिले.