गिअरबॉक्सची गळती आणि आस्रव-संवराचा प्रश्न

जैन दर्शनात कर्म म्हणजे केवळ केलेले कृत्य नव्हे, तर जीवाला येऊन चिकटणारे अतिसूक्ष्म जडद्रव्य, अर्थात पुद्गल होय. आणि कर्माला इतके उघड द्रव्यरूप न्याय, सांख्य वा वेदान्त यांपैकी कोणी दिलेले नसल्यामुळे, या दर्शनाची परिभाषा एखाद्या यंत्राच्या दुरुस्तीला लावून पाहिली तर ते वाटते तितके ओढूनताणून होत नाही. कर्मद्रव्य जीवाकडे येते तो आस्रव, ते जीवाशी जखडले जाते तो बंध, त्याचे येणे थांबवणे हा संवर आणि आधी साचलेले झडून जाणे ही निर्जरा, असा क्रम उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात आहे. मन, वाणी आणि काया यांच्या हालचालीला तेथे योग म्हटले असून तीच हालचाल आस्रव ठरवली आहे. मग हालचाल हेच जर कर्माचे दार असेल, तर देह धारण करून वावरणाऱ्याला ते दार पुरते लावता येईल काय?

वऱ्हाडातल्या अचलपूरला हा प्रश्न परका नाही. जैन कवी हरिषेणाने आपली ‘धम्मपरिक्खा’ ही अपभ्रंश रचना विक्रम संवत १०४४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९८८ च्या सुमारास, याच नगरात पूर्ण केली. आणि प्राकृत निर्वाणकांडात साडेतीन कोटी मुनींच्या मुक्तीचे स्थान म्हणून जो मेंढगिरी येतो, त्याची दिशा अचलपूरच्या ईशान्येस अशीच सांगितली आहे. तो मेंढगिरी म्हणजेच बावन्न मंदिरांची मुक्तागिरी. ती आज मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात मोडत असली, तरी वऱ्हाडातला यात्रेकरू अचलपूरलगतच्या परतवाड्यावरूनच तिकडे जातो.

वऱ्हाडाच्या रस्त्यांवर अजून धावणाऱ्या जुन्या बुलेट मोटारसायकलची रचना या प्रश्नाच्या संदर्भात पाहण्याजोगी आहे. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या या गाडीत गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, त्याच्या मागे बोल्टांनी जोडलेला असतो आणि त्याचे वंगणही स्वतंत्र असते. त्याचा मुख्य दंड डावीकडे बाहेर येऊन क्लचला मिळतो, आणि तेथेच, मागच्या चाकाची साखळी ओढणाऱ्या स्प्रॉकेटच्या आड, दंडाभोवतीचे ऑइल सील बसवलेले असते. ते बदलायचे तर क्लचकव्हर, क्लच, पुढची साखळी, आतले कव्हर आणि शेवटी स्प्रॉकेट इतके सगळे उतरवावे लागते. त्यामुळे पुष्कळदा गाडीखाली तेलाचा डाग दिसला की मिस्त्री सोपा मार्ग धरतो आणि बाहेरचे नट आवळतो. क्लचकव्हर मधल्या एकाच नटावर बसत असल्याने तो अधिक आवळला की कव्हरच वाकते आणि जेथे गळती नव्हती तेथेही ती सुरू होते. जाणता मिस्त्री आधी गिअरबॉक्सची पेटी रॉकेलने धुऊन कोरडी करतो, तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवतो आणि गाडी थोडी चालवून पावडर नेमकी कोठे काळवंडते ते पाहतो. एवढे करून सील काढल्यावर अनेकदा असे आढळते की सीलच्या ओठाने दंडावर बारीक खाच पाडली आहे, त्यामुळे नवे सीलही तेथे टिकणार नाही. मग दंडावर पातळ बाही चढवावी लागते किंवा सील किंचित पुढेमागे बसवून त्याला दंडाचा न झिजलेला भाग द्यावा लागतो.

पेटीतून तेल बाहेर जाते आणि कर्म तर आत येते, म्हणून हा दृष्टान्त उलटा पडतो, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे, कारण ज्या फटीतून तेल झिरपते तिच्यातूनच काळ्या मातीची धूळ आत शिरते; शिवाय बाहेर आलेल्या तेलावर हीच धूळ बसून तिचा थर होतो. कुंदकुंदाचार्यांनी समयसारात नेमके हेच उदाहरण घेतले आहे. अंगाला तेल चोपडून धुळीच्या जागी व्यायाम करणाऱ्याला जी रज चिकटते ती व्यायामामुळे नव्हे, तेलाच्या चिकटपणामुळे. तोच माणूस कोरड्या अंगाने तोच व्यायाम करील तर रज चिकटणार नाही. क्रोध, मान, माया आणि लोभ या कषायांनी युक्त असलेल्या जीवाचा आस्रव सांपरायिक, म्हणजे बंध घडवून संसार वाढवणारा, आणि कषायरहिताचा आस्रव ईर्यापथिक, म्हणजे येऊन लगेच निघून जाणारा, हा तत्त्वार्थसूत्रातील भेद याच विचारावर उभा आहे. नट आवळणारा मिस्त्री आणि केवळ बाह्य क्रिया आवरून संवर साधला असे मानणारा साधक, दोघांचीही चूक एकच म्हणावी लागेल. त्यातही साधकाची अधिक, कारण मिस्त्रीची चूक निदान दुसऱ्या दिवशी फरशीवर दिसते.

तरीही दृष्टान्ताला मर्यादा आहे आणि ती लपवणे योग्य नव्हे. स्थिर जोडावरचे गॅस्केट पूर्ण कोरडे राखता येते, पण फिरत्या दंडावरचे सील तेलाच्या अतिसूक्ष्म थरावरच टिकते. तो थर नसेल तर त्याचा ओठ तापून कडक होतो आणि तडकतो. यंत्राला जे तेल हवे असते त्याच्या जागी साधकाला काहीच ठेवायचे नसते, कारण कषायाचा उपकारक असा अंश जैन आचार्य मानत नाहीत. मात्र हालचालीपुरते परंपरेचे म्हणणे या कारागिरीहून दूर नाही. आत्म्याच्या उन्नतीच्या चौदा पायऱ्या, म्हणजे गुणस्थाने, सांगताना तेराव्या पायरीवरील केवलज्ञान्यालाही सयोगी म्हटले आहे, कारण त्याचा देह चालतो, बोलतो आणि म्हणून ईर्यापथिक आस्रव त्यालाही असतो. पूर्ण संवर फक्त चौदाव्या, अयोगी अवस्थेत मानला आहे, जेथे मन, वाणी आणि काया यांची सर्व हालचाल थांबलेली असते. आणि त्या अवस्थेचा काळ शास्त्रकारांनी पाच ऱ्हस्व स्वर उच्चारण्याइतकाच दिला आहे.