एमरीचा कण

नाशिकच्या भांडी बाजारामागे एका बोळात मामाचं पॉलिशचं दुकान. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला कापडी पिशवी, पिशवीत एकेक चाक. सरस लावून एमरी पावडरीत घोळवलेली चाकं एका भिंतीला. सरस पुरता वाळल्याशिवाय त्यांतलं एकही मशीनवर चढत नसे. समोरच्या भिंतीला तपकिरी मसाल्याचं शिलाईचं चाक. आणि सगळ्यांपासून लांब, दाराजवळ, लाल मसाल्याचं मोकळ्या सुती कापडाचं चाक. शेवटची झळाळी त्याच्यावर.

भाच्याला हे सगळं सोवळं वाटे. “कापडच तर आहे, मामा!”

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मामा बाहेर गेला असताना लाल चाक भाच्याच्या हातून निसटलं आणि घरंगळत एमरीच्या भिंतीखाली गेलं. त्यानं ते झटकलं, चढवलं आणि एका आजींची पितळी समई धरली. झळाळी आली, पण तिच्यात केसासारख्या रेघा उमटल्या. त्यानं आणखी मसाला लावला, जोर वाढवला. समई हाताला चटके देऊ लागली. रेघा वाढतच गेल्या. वाढणारच. कण कापडात रुतलेला असला की जितकं दाबावं तितका तो खोल ओरखडतो.

मामानं परत आल्यावर समई उजेडात तिरकी धरली. “चाक कुठं पडलं होतं?”

भाच्यानं बोट दाखवलं. “धुऊन घेऊ?”

“घडीत शिरलेला कण धुतल्यानं निघत नाही. ते आता खरबरीत कामाला ठेव. लालसाठी नवं काढ.”

भाच्यानं नवं चाक आधी रिकामं फिरवलं. करवतीचं जुनं पातं हलकेच टेकवताच सुटे धागे भुरभुरू लागले. ते थांबेपर्यंत त्यानं लाल मसाल्याच्या कांडीला हात लावला नाही. समई मात्र पुन्हा बारीक एमरीपासून घ्यायची होती.

तेवढ्यात आजी आल्या. “अगंबाई, काय लखलखतेय! दे.”

मामा काही बोलला नाही. भाच्यानं समई मागे घेतली.

“आज नाही, आजी. माझ्या हातून रेघा पडल्यात. ज्योत लावली की दिसतील.”

“या वयात मला कुठल्या रेघा दिसायच्या?”

“मला दिसतात ना. सकाळी घट बसायच्या आत घरी आणून देतो.”

“मजुरी वाढणार का रे त्याची?”

“नाही आजी,” मामा म्हणाला, “ठरली तेवढीच.”