देव पाण्यात, कुत्रा सलाईनवर

घरात कुणी अत्यवस्थ झालं की देव पाण्यात ठेवायची रीत अजून अनेक मराठी घरांत आहे. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचे टाक ताम्हणात घ्यायचे, वर पाणी ओतायचं आणि आजारी माणसाला उतार पडेपर्यंत ते तसेच राहू द्यायचे. हे नवऱ्यासाठी होतं, लेकरासाठी होतं, अडलेल्या बाळंतिणीसाठी होतं. आता घरच्या कुत्र्यासाठीही होतं. एरवी ज्याला देवघराच्या उंबऱ्याआत येऊ दिलं जात नाही, त्याच्या कपाळाला अंगारा लावायला घरातली आजी उंबरा ओलांडून बाहेर येते.

अशा प्रार्थनेला फळ येतं का, हा वाद जुना आहे आणि तो इथे मिटणार नाही. पण त्याच्या अलीकडचा एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. कुत्रा धर्मकथांमध्ये फार पूर्वीपासून आहे. मात्र ज्याच्यासाठी मागायचं असा रुग्ण म्हणून तो प्रार्थनेत आला कधी?

बराच काळ माणसाने कुत्र्यासाठी नव्हे, कुत्र्यामार्फत मागितलं. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या लिओंजवळच्या खेड्यांतल्या बायका आपली आजारी, किरकिरी बाळं घेऊन गिनफोर नावाच्या शिकारी कुत्र्याच्या थडग्याशी जात. त्याने पाळण्याजवळ आलेल्या सापाला मारलं होतं आणि त्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून धन्याने त्यालाच ठार केलं होतं, अशी कथा. पंचतंत्रातलं मुंगूस ठाऊक असलेल्या वाचकाला ती लगेच ओळखू येईल. एत्येन द बूर्बों या डोमिनिकन धर्मगुरूने त्या कुत्र्याची हाडं उकरून जाळायला लावली, तरी बायका पुढची कित्येक शतकं तिथे जात राहिल्या. त्या जात होत्या बाळासाठी. कुत्रा त्यांचा मध्यस्थ होता.

आपल्याकडेही हेच दिसतं. साईसच्चरितात हिवतापाने बेजार झालेल्या एका भक्ताला बाबा सांगतात, लक्ष्मीच्या देवळाजवळ काळ्या कुत्र्याला दहीभात खाऊ घाल. तो घालतो आणि ताप उतरतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, पण त्यांना चार वेद मानलं जातं. खंडोबासोबत कुत्रा असतो, तो देवाचा म्हणून. आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो, ही तर या साऱ्या कथांमधली सर्वात उदात्त कथा. पण तिथेही तो कुत्रा कुत्रा राहत नाही, धर्म होतो. युधिष्ठिराची परीक्षा पूर्ण होते. थकलेल्या, पाय सोलवटलेल्या एका मुक्या जनावराचं पुढे काय झालं असतं, हा प्रश्न कथेला पडत नाही.

तो प्रश्न त्याच महाभारताच्या आरंभी एका आईला पडला आहे. जनमेजयाच्या सत्रात शिरलेल्या, सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला जनमेजयाचे भाऊ मारतात. पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलंही नव्हतं, चाटणं तर दूरच. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही, म्हणून शाप देते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या तोंडाशीच कुत्रीच्या पिल्लाला झालेली इजा हा अन्याय म्हणून नोंदलेला आहे. युधिष्ठिराचा कुत्रा सगळ्यांना आठवतो आणि सरमेचं पिल्लू फार थोड्यांना, ही खेदाची गोष्ट आहे.

कुत्र्याच्या शुश्रूषेला धर्माज्ञेचं रूप मिळालं ते पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात. त्यातला तेरावा अध्याय कुत्र्यांविषयी आहे. घरात बिथरलेला, भान हरपलेला कुत्रा असेल तर काय करावं, या प्रश्नावर उत्तर येतं की धर्मनिष्ठ माणसावर करावेत तसेच त्याच्यावर उपचार करावेत. तो उपचार घेईना, तर गळ्यात लाकडी पट्टा घालून त्याला खांबाला बांधावं, नाहीतर तो खड्ड्यात, विहिरीत पडेल. आजारी कुत्र्यामागे रात्र जागवलेल्या कुणालाही कळेल, हे ज्याने लिहिलं त्याने असा कुत्रा जवळून पाहिला होता.

या धर्माज्ञेचा मुंबईच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. 1832 च्या जूनमध्ये सरकारने भटके कुत्रे मारण्याची मोहीम वाढवली आणि बक्षिसाच्या आशेने कुत्रे मारणाऱ्यांवर पारशी जमाव तुटून पडला. इंग्रजांशी जुळवून घेणारा म्हणून ओळखला जाणारा हा समाज कुत्र्यांसाठी रस्त्यावर उतरला होता. जैन, हिंदू, मुसलमान व्यापाऱ्यांनीही त्याला साथ दिली, दुकानं बंद राहिली. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेदजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. पुढे परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ आलं आणि 1886 मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. श्रद्धेतून आश्रयस्थान, मग इस्पितळ आणि मग शिक्षण, अशी ही वाट आहे. विज्ञानाने श्रद्धेला हटवलं, अशी सरधोपट मांडणी इथे तरी लागू पडत नाही.

प्रार्थनेच्या शब्दांत कुत्रा शिरला तो मात्र हळूच. सर्व जीवांसाठी मागणं आपल्याला नवं नाही. ज्ञानेश्वरांचं पसायदान सातशेहून अधिक वर्षं म्हटलं जातं आहे. युरोपात जॉन वेस्ली यांनी 1781 मध्ये प्रवचनातून सांगितलं की, ईश्वराच्या अंतिम सुटकेत पशूंनाही जागा आहे. पण त्यापुढचं पाऊल एका लहान मुलाने टाकलेलं दिसतं. आल्सासमधल्या गुन्सबाखच्या पाद्र्याच्या घरात वाढणाऱ्या अल्बर्ट श्वाइत्झरला शाळेत जायच्या आधीच कोडं पडलं होतं, की रात्रीची प्रार्थना फक्त माणसांसाठीच का? आई प्रार्थना म्हणवून, पापा घेऊन खोलीबाहेर गेली की तो सगळ्या प्राण्यांसाठी स्वतः रचलेली प्रार्थना मनातल्या मनात म्हणायचा. पुढे आफ्रिकेत डॉक्टर म्हणून आयुष्य घालवलेल्या, नोबेल मिळालेल्या या माणसाने हे आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. ती प्रार्थना त्याला आईसमोर म्हणावीशी वाटली नाही, यातच त्या काळाचा संकोच कळतो.

सर्वांसाठी मागणं आणि नाव घेऊन एकासाठी मागणं यांत फरक आहे. दुसऱ्या मागण्याला शुश्रूषा लागते.

पार्व्होचंच उदाहरण घ्यावं. कुत्र्यांमधला हा विषाणू 1978 च्या सुमारास ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला. सर्वाधिक बळी पडतात ती लहान पिल्लं. उलट्या, रक्ताचे जुलाब, त्यांचा तो विसरता न येणारा वास. विषाणूला मारणारं हमखास औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, आणि थांबणं. पहिले काही दिवस निभावले तर पिल्लू बहुधा वाचतं. म्हणून कुणीतरी फरशीवर बसून राहतं. पुढच्या पायाच्या शिरेतली सुई हलू नये म्हणून पंजा तळहातात धरायचा, दर थोड्या वेळाने ओठ वर करून हिरडी दाबून पाहायची, पांढरी पडलेली जागा लगेच गुलाबी होते का ते. नवस बोलला जातो तो इथे, या दोन दाबण्यांच्या मधल्या वेळात. डॉक्टरांनी करायचं ते केलेलं असतं आणि घरच्यांच्या हातात पंजाखेरीज काही उरलेलं नसतं. औषध जिथे पोचलं आहे तिथेही प्रार्थना टिकते ती या अवकाशामुळे. लस टोचून घेतली असती तर बहुधा ही रात्र आलीच नसती, हेही तितकंच खरं.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मागणं पालटतं. मूत्रपिंड निकामी झालेलं, मागचे पाय गेलेले, अन्नावरची वासना उडालेली. आरंभी ‘वाचव’ म्हणणारं घर काही आठवड्यांनी ‘सोडव रे याला’ म्हणू लागतं. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी हेच शब्द वापरले जातात. फरक एवढाच की कुत्र्याच्या बाबतीत सोडवणारं इंजेक्शन माणसाच्या हाती असतं आणि सही घरच्यांना करावी लागते.

या पेचाची आपल्याकडची सर्वात जाहीर चर्चा 1928 मध्ये झाली. साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तडफडत होतं, वाचण्याची आशा नव्हती. गांधींनी त्याला इंजेक्शन देववून मरण दिलं आणि त्यामागची भूमिका छापून मांडली. संतापलेल्या पत्रांचा वर्षाव झाला. अहिंसेच्या उपासकाने गोवंशातला जीव घ्यावा, हे अनेकांना सहन झालं नाही. गांधींचं म्हणणं असं, की स्वतःच्या स्वार्थासाठी नव्हे तर त्या जीवाच्याच भल्यासाठी, दुसरा उपाय उरला नसताना त्याची वेदना थांबवणं ही हिंसा नव्हे.

हा युक्तिवाद आजही सर्वांना पटत नाही. वेदना हा कर्मभोग आहे, तो भोगूनच संपतो, असं मानणारी माणसं आपल्या कुत्र्याला अखेरपर्यंत मांडीवर घेऊन बसतात, चमच्याने पाणी पाजतात, कूस बदलून देतात. त्यांना निर्दय म्हणणं अन्यायाचं आहे. आणि सही करून आलेल्यांची श्रद्धा डळमळली, असं समजणंही तितकंच चूक. दोन्ही घरांत प्रार्थनेचा विषय आता एकच आहे: त्या एका कुत्र्याला काय होतं आहे. गिनफोरच्या थडग्याशी जाणाऱ्या बायका हे विचारत नव्हत्या, दहीभात घेऊन निघालेला तो भक्तही नाही.