सक्तवसुली

दोन धिप्पाड माणसं बर्फावर समोरासमोर उभी आहेत. पंचांनी चकती टाकायची तेवढी बाकी आहे. एकाच्या अंगावर टीव्हीवाल्यांनी मायक्रोफोन लावलेला, म्हणून पुढचं बोलणं आपल्यालाही ऐकू येतं. तो समोरच्याला विचारतो, करायची का? समोरचा तयार असतो. मग हा त्याला शुभेच्छा देतो. परीक्षेच्या दारापर्यंत सोडायला आलेल्या मित्रानं द्याव्यात, अगदी तशा. आणि दोघं हातमोजे फेकून एकमेकांच्या तोंडावर ठोसे लगावायला लागतात.

ही चित्रफीत 2006 सालची. शुभेच्छा देणारा जॉर्ज लराक तेव्हा फिनिक्सच्या संघात होता. मूळचा माँट्रियलचा, हैतीहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. खेळ सोडल्यावर हा माणूस कॅनडाच्या ग्रीन पार्टीचा उपनेता झाला. दुधालाही न शिवणारा कडक शाकाहारी. मी ती चित्रफीत गंमत म्हणून पाहायला बसलो होतो, पण त्या शुभेच्छा डोक्यातून जाईनात. राग कुठे आहे यात? राग नसेल, तर हे चाललंय काय?

आइस हॉकीत या कामाला ‘एन्फोर्सर’ म्हणतात. मराठी प्रतिशब्द शोधू गेलं तर अडचण होते. आपल्याकडे एन्फोर्समेंट म्हटलं की सक्तवसुली संचालनालय आठवतं. आधी हसू आलं, मग वाटलं, इतका नेमका शब्द दुसरा मिळणार नाही. हा माणूस वसुलीच करतो. तुम्ही आमच्या नाजूक, महागड्या खेळाडूला फळीवर आपटलंत, ते तुमच्या नावावर लिहून ठेवलंय. आता आमचा माणूस येईल आणि हिशेब चुकता करून घेईल. चांगला वसुलीवाला तोच, ज्याला दारात नुसतं पाहून लोक पैसे काढून देतात. वेन ग्रेट्झ्कीसारखा किरकोळ अंगाचा अद्भुत खेळाडू एडमंटनमध्ये निर्धास्त बागडला, त्यात त्याच्या आगेमागे फिरणाऱ्या डेव्ह सेमेन्कोचा वाटा होता असं हॉकीतले लोक मानतात. हा सेमेन्को 1983 मध्ये एडमंटनलाच एका प्रदर्शनी लढतीत मुहम्मद अलीसमोर तीन फेऱ्या उभा राहिला होता. पुढे 1988 मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला विकला गेला, तेव्हा सोबत मार्टी मॅक्सॉर्लीही हवा असा त्यानं आग्रह धरला. राजा सिंहासन बदलताना भालदार बरोबर घेऊन गेला.

इथवर सगळं सुसंगत वाटतं. घोळ पुढे आहे, आणि तो नियमपुस्तकात आहे.

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, मारामारीला मनाई आहे. केली तर पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं. ही पाच मिनिटांची तरतूद 1922 पासूनची. दोघंही बाहेर जातात, दोन्ही संघांचं नुकसान सारखंच, म्हणजे कुणाचंच नाही. पाच मिनिटांनी दोघं परत येतात. ऑलिंपिकमध्ये मारामारी केली की सामन्याबाहेर काढतात. अमेरिकी कॉलेजांच्या हॉकीतही तेच, वर पुढच्या सामन्याची बंदी. तिथे मारामाऱ्या जवळजवळ होत नाहीत. तोच बर्फ, त्याच काठ्या, पुष्कळदा तीच माणसं; तरी होत नाहीत. तेव्हा ‘हा खेळच इतका वेगवान आहे, रक्त तापतं, काय करणार’ हे मी ऐकून घेतो, पण मला ते पटत नाही. जे खरोखर थांबवायचं असतं त्याला शिक्षा असते. पाच मिनिटं ही शिक्षा नव्हे, तो दर आहे. दरपत्रक लावून ठेवायचं आणि शेजारी ‘मनाई आहे’ अशी पाटीही टांगायची, असा हा शंभर वर्षांचा शहाणपणा.

दर ठरला की पोटनियम आलेच. बफेलोचा रॉब रे मारामारीत अंगातली जर्सी काढून टाकायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरायलाच काही उरू नये. मग जर्सी पट्ट्यानं चड्डीला बांधायची सक्ती आली. पुढे डोकी बर्फावर आपटतात म्हणून 2013 मध्ये नियम झाला, की मारामारीआधी स्वतःचं शिरस्त्राण काढेल त्याला जादा दोन मिनिटं. त्याच सप्टेंबरमध्ये एका सराव सामन्यात दोन पठ्ठ्यांनी आधी हलक्या हातांनी एकमेकांची शिरस्त्राणं उतरवली आणि मगच ठोसे सुरू केले. स्वतःचं काढायला बंदी, दुसऱ्याचं काढायला नाही! नियम बनवणाऱ्यांना हसावं की रडावं कळलं नसेल.

कुरापत काढणाऱ्यालाही वेगळा दंड आहे. त्यामुळे ज्यानं आगळीक केली त्याला जाऊन सरळ बदडता येत नाही. त्याची संमती लागते, आणि तो ती देत नाही. संमती कोण देतो? समोरच्या संघात याच कामासाठी ठेवलेला दुसरा. म्हणजे ज्याचं कर्ज त्याच्याकडून वसुली नाहीच. दोन सावकारांचे दोन वसुलीवाले चौकात भेटून एकमेकांना बडवतात आणि दोन्हीकडे खातं मिटल्याची नोंद होते. यात रक्षण नेमकं कुणाचं झालं?

डेरेक बुगार्डच्या बाबतीत या प्रश्नाचा काटा जास्त रुततो. जन्म 1982, सस्कॅचेवान प्रांतातला. वडील पोलिसात, त्यामुळे बदल्यांची गावं. वयाच्या मानानं फार मोठं शरीर, स्केटिंग बेताचं. सोळाव्या वर्षी मेलफर्ट गावात तो एका सामन्यात बिथरून प्रतिस्पर्ध्यांच्या बाकांवर चालून गेला. एखाद्या पोराचं खेळातलं भवितव्य तिथेच संपायचं. हजर असलेल्या निवडकर्त्यांनी मात्र त्याचं नाव लिहून घेतलं. 2001 मध्ये मिनेसोटा वाइल्ड संघानं त्याला 202व्या क्रमांकावर निवडलं. ऑक्टोबर 2006 मध्ये त्याच्या एका ठोशानं टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड असं फुटलं, की चेहऱ्यात धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच हंगामात फेडोरुक मिनेसोटात आला आणि दोघं एका खोलीत बूट बांधू लागले. वैर नव्हतंच मुळी. काम होतं.

बुगार्ड एनएचएलमध्ये 277 सामने खेळला आणि त्याचे गोल झाले तीन. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलमध्ये 234 सामन्यांचं अंतर. तो तिसरा नोव्हेंबर 2010 मध्ये, न्यूयॉर्क रेंजर्सकडून. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच्याशी चार वर्षांचा 65 लाख डॉलरचा करार केला होता. गोलनंतर महिन्याभरात ऑटवामधल्या एका मारामारीत डोक्याला मार बसला, आणि तो पुन्हा खेळला नाही. पाठ, खांदे, बोटं सगळी कामातून गेलेली. त्यावर वेदनाशामक गोळ्या. मग त्या गोळ्यांचंच व्यसन. 13 मे 2011 रोजी तो मिनिॲपोलिसमध्ये मरण पावला. दारू आणि ऑक्सिकोडोन एकत्र झालं होतं. वय 28. बॉस्टन विद्यापीठात त्याच्या मेंदूची तपासणी झाली आणि वारंवार आघात झालेल्यांच्या मेंदूत आढळणारा, सीटीई नावाचा झीज घडवणारा आजार तिथे सापडला. त्याच ऑगस्टमध्ये रिक रिपियन आणि वेड बेलॅक गेले. तेही याच धंद्यातले.

बुगार्डच्या मिनेसोटातच आणखी एक माणूस होता. तोही 1982चाच, उंची सहा फूट आठ इंच. जॉन स्कॉट. पण हा कॉलेजातून आला होता. मिशिगन टेकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला, बचावफळीत खेळणारा. कुठल्याही संघानं त्याची निवड केलेली नव्हती. कॉलेजात मारामारीची सवय लागण्याचं कारणच नव्हतं. ते काम तो व्यावसायिक हॉकीत शिरल्यावर शिकला, जसा एखादा इंजिनिअर पोटासाठी विक्री विभागात जातो. त्याचं विंचवाचं बिऱ्हाड: मिनेसोटा, शिकागो, न्यूयॉर्क, बफेलो, सॅन होजे, ॲरिझोना. चौथ्या फळीतले लोक हे असे. एका रात्री पाच-सहा मिनिटं बर्फावर, उरलेला वेळ बाकावर, आणि कुठल्याही सकाळी फोन वाजेल म्हणून घरात अर्धी खोकी बांधलेलीच.

त्याला साधुसंत करण्याचं कारण नाही. सप्टेंबर 2013 मध्ये बफेलोकडून खेळताना तो टोरँटोच्या फिल केसलच्या अंगावर धावून गेला. केसल गोल करणारा गडी, मारामारीशी त्याचा संबंध नाही. वसुलीवाल्यांच्या अलिखित संकेतात हे बसत नाही. आणि केसल बिचारा काठीनं त्याच्या पायांवर सपासप मारत मागे सरकत होता. पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या लुई एरिक्सनच्या डोक्याला स्कॉटच्या धडकेनं इजा झाली. स्कॉटवर सात सामन्यांची बंदी आली.

आणि मग 2016. एनएचएलच्या ऑल-स्टार सामन्याचे कर्णधार चाहत्यांच्या मतांनी ठरणार होते. कुणाच्या तरी डोक्यात चेष्टा आली, की सगळ्यात कमी गुणवत्तेच्या माणसाला निवडून देऊ. स्कॉट पहिला आला. लीगची पंचाईत झाली. त्यानं नाव मागे घ्यावं म्हणून आडून आडून सांगून झालं. लीगमधल्या कुणीतरी त्याला विचारलं, की तुझ्या मुलींना याचा अभिमान वाटेल का. हे त्यानं स्वतःच नंतर एका लेखात लिहिलं. 15 जानेवारीला ॲरिझोनानं त्याची माँट्रियलकडे बदली केली आणि माँट्रियलनं त्याला लगेच खालच्या दर्जाच्या लीगमध्ये न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्सला धाडलं. त्याच्यापुढे खंडच संपतो. घरी बायको जुळ्यांनी गरोदर, दिवस भरत आलेले. लोकांचा संताप झाल्यावर लीगनं त्याला खेळू दिलं.

मला अडखळायला होतं ते त्या प्रश्नापाशी. मुलींना अभिमान वाटेल का? आठ वर्षं हाच माणूस ठोसे मारत होता, तिकिटं विकली जात होती, समालोचक आरोळ्या ठोकत होते, तेव्हा त्याच्या मुलींची काळजी कुणाला वाटली नाही. त्या कामाची लाज केव्हा वाटली? त्यानं पंगतीत मानाच्या पाटावर बसायचं म्हटल्यावर. कोकणात वेशीवर राखणदार असतो. गाव त्याला घाबरतं, त्याचा नैवेद्य चुकवत नाही, पण देवळाच्या गाभाऱ्यात त्याला कुणी नेत नाही. नॅशव्हिलमध्ये 31 जानेवारीला राखणदार गाभाऱ्यात आला. पहिल्या लढतीत त्यानं दोन गोल केले. अख्ख्या कारकिर्दीत, 286 सामन्यांत मिळून, त्याचे पाच! शिकागोच्या पॅट्रिक केनशी खोटी मारामारीही करून दाखवली. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानासाठी लीगनं पुढे केलेल्या नावांत स्कॉट नव्हता. प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि त्याचं नाव स्वतःहून घातलं. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. एवढ्या वजनाचा माणूस खांद्यावर घेणं हीही एक कामगिरीच. चेष्टा कुठल्या क्षणी संपली ते चेष्टा करणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. त्यानं एकच केलं होतं: लाज वाटून घ्यायला नकार दिला होता.

एप्रिलमध्ये माँट्रियलनं त्याला एक सामना दिला. डिसेंबरमध्ये त्यानं खेळ सोडला. तोवर त्याचं कामही संपत आलं होतं. 2005 नंतर संघांच्या एकूण पगारावर मर्यादा आली. जो खेळत नाही फक्त भांडतो, त्याच्यावर पैसे घालवणं परवडेना. चौथ्या फळीलाही पळणारी पोरं हवी झाली. करुणा जागी झाली म्हणून हे झालं नाही, हिशेबानं झालं. 2016 मध्ये लीगचे आयुक्त गॅरी बेटमन एका अमेरिकी सिनेटरला लेखी कळवत होते, की डोक्यावरचे आघात आणि सीटीई यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. 2018 मध्ये माजी खेळाडूंच्या दाव्यात 1 कोटी 89 लाख डॉलरवर तडजोड झाली. दावेदार तीनशेच्या वर. जबाबदारी लीगनं कबूल केली नाही.

वसुलीवाले गेले. वसुली गेली का? 15 फेब्रुवारी 2025 रोजी माँट्रियलमध्ये, एनएचएलनंच भरवलेल्या स्पर्धेत, अमेरिका आणि कॅनडा समोरासमोर आले. दोन देशांत आयातकरांवरून ताणाताणी चालू. प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो केलेली. चकती पडली आणि मॅथ्यू टकाचक हातमोजे टाकून ब्रँडन हेगलशी भिडला. खेळ पुन्हा सुरू होतो तोच त्याचा भाऊ ब्रेडी सॅम बेनेटशी. त्यांना सोडवून होतं तोवर जे. टी. मिलर कोल्टन पराइकोशी. अमेरिकेच्या तिघांचं हे आधीच, मोबाइलवरच्या ग्रुपवर ठरलं होतं. सहाजणांतला एकही वसुलीवाला नव्हता. सगळे आपापल्या संघांचे पहिल्या पसंतीचे, लठ्ठ करारांचे खेळाडू. घड्याळात नऊ सेकंद झाले होते. सहाही जणांना पाच-पाच मिनिटं मिळाली.