उसन्या शिवीचे उत्तरदायित्व

स्वीडिश, नॉर्वेजियन आणि डॅनिश या भाषांतील पारंपरिक शिव्या प्रामुख्याने सैतान व नरक यांच्याभोवती फिरतात. स्वीडिशमधील 'फान' आणि नॉर्वेजियनमधील 'फाएन' ही सैतानाचीच नावे होत. (डॅनिशमधील एका शिवीचा व्युत्पत्त्यर्थ 'कर्करोग मला खावो' असा आहे, तेथे वक्ता शाप स्वतःवरच ओढवून घेतो!) या शब्दांना धार होती ती मुख्यतः धर्मश्रद्धेमुळे. श्रद्धा ओसरली तशी ती धारही बोथट झाली. आज त्यांच्या शेजारी इंग्रजीतील 'फक' आणि 'शिट' येऊन बसले आहेत. पहिल्याला तर देशी प्रत्यय लागून त्याची क्रियापदेही झाली आहेत.

या उसनवारीची चिकित्सा बहुधा भाषाशुद्धीच्या अंगाने होते. ती मला फारशी फलदायी वाटत नाही. शब्द घेतला, परंतु त्याच्याभोवतीचा निषेध घेतला नाही, तर उच्चारणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व येते, हा खरा प्रश्न आहे.

लुकास मूडीसन यांचा 'फकिंग ओमोल' हा स्वीडिश चित्रपट १९९८ साली प्रदर्शित झाला. ओमोल हे एक लहानसे गाव. तेथे घुसमटलेल्या शाळकरी मुलीचा वैताग त्या विशेषणात आहे. इंग्रजी भाषिक देशांत मात्र तोच चित्रपट 'शो मी लव्ह' या सोज्ज्वळ नावाने गेला. शब्द ज्यांचा, त्यांनाच तो शीर्षकात सोसवला नाही. तेव्हा शिवीचे वजन ध्वनीत नसून ऐकणाऱ्या समाजाच्या लज्जेत असते, सबब स्वीडिश वक्ता निर्दोष आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

उसनवारी अजाणतेपणी झाली असती तर हे म्हणणे मान्य करता आले असते. परंतु स्कँडिनेव्हियातील तरुण इंग्रजी उत्तम जाणतो. इंग्रजी चित्रपट तेथे सहसा मूळ ध्वनीसह, उपशीर्षके देऊन दाखवले जातात. मूळ शब्दाचा दाह त्याला ठाऊक असतो, किंबहुना तेच त्या शब्दाचे आकर्षण असते. शब्द सौम्य म्हणून घरात खपवायचा आणि त्याच्या परकीय दाहकतेचा आस्वादही घ्यायचा, असा हा दुहेरी व्यवहार आहे. (वडीलधाऱ्यांसमोर सहज 'शिट' म्हणणारा मराठी भाषक त्याचा मराठी पर्याय तेथे उच्चारणार नाही.) 'फान' म्हणणारा निदान आपल्याच समाजाच्या लज्जेला सामोरा जात असे. उसनी शिवी देणारा दुसऱ्या समाजाची मर्यादा मोडतो, आणि तीही बहुधा त्या समाजाच्या अनुपस्थितीत. त्या समाजातील कुणी समोर असेल, तर 'आमच्याकडे हा शब्द सौम्य आहे' हा खुलासा मला अपुरा वाटतो. कारण तो देणाऱ्याला दोन्ही अर्थ आधीपासूनच माहीत असतात.