आजोबा कोणाच्या बाजूचे?

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 366 नुसार ज्याचे वडील, किंवा वडिलांच्या बाजूने मागे जात गेल्यास पितृवंशातील कोणताही पुरुष, युरोपीय वंशाचा होता, मात्र जो स्वतः भारतात, येथेच वास्तव्य असणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मला आणि येथलाच रहिवासी आहे, तो अँग्लो-इंडियन ठरतो. परिणामी इंग्रज आजोबांच्या मुलाचा मुलगा या व्याख्येत बसतो, आणि मुलीने भारतीय वंशाच्या पुरुषाशी विवाह केला असेल तर तिचा मुलगा, नाते तितकेच जवळचे असूनही, बाहेर राहतो. मिश्र वंशाची नोंद घेणाऱ्या कायद्यानेही गोत्राचीच रीत पाळावी, हे नवल खरेच. भुसावळ, इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावांत ड्रायव्हर आणि गार्ड म्हणून राबलेल्या या समाजाला शेजारीपाजारी साहेबाच्या जातीचा समजत, तर अस्सल साहेब त्याला बहुधा आपल्या पंगतीला बसवीत नसे. या समाजाचे पुरेसे प्रतिनिधी निवडून न आल्यास राष्ट्रपतींनी लोकसभेवर दोनपर्यंत सदस्य नेमण्याची तरतूद जानेवारी 2020 मध्ये संपुष्टात आली. व्याख्येतील बापाची बाजू मात्र अद्याप कायम आहे.