कायद्यांचा सुकाळ, न्यायाचा दुष्काळ

कायदा माणसासाठी की माणूस कायद्यासाठी, हा प्रश्न फार जुना आहे. अडचण उभी राहिली की सरकारने कायदा करावा, ही मागणी आपल्या ओठांवर तयार असते; आणि ज्या अधिवेशनात अधिक विधेयके संमत झाली, ते अधिवेशन यशस्वी असे आपण मानतो. विधिमंडळाचे यश असे संख्येने मोजणे आम्हांस घातक वाटते. आमदारांनी कायदे करण्यासाठी वर्षातील थोडे, पण ठरलेले दिवस बसावे आणि उरलेला काळ आपण केलेल्या कायद्यांखाली लोकांमध्ये राहून काढावा, असे आमचे मत आहे.

या प्रश्नाचे बरेवाईट दोन्ही धडे यवतमाळ जिल्ह्याने अनुभवले आहेत. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९७१ साली कापूस खरेदीचा कायदा झाला व त्याखाली एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडवावे, हा हेतू उदात्त होता आणि मंदीच्या वर्षांत योजनेचा आधारही मिळाला. परंतु त्याच कायद्याने शेतकऱ्याचे विकण्याचे स्वातंत्र्य गेले. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजारात भाव चढा असला, तरी कापूस तिकडे नेणे गुन्हा ठरला. आपल्या घामाचे पीक आपल्या गाडीतून नेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने तस्कर झाला. संकलन केंद्रासमोर गाड्यांच्या रांगा आणि चुकाऱ्याची वाट पाहणे हे मात्र त्याच्या नशिबी राहिले. ही एकाधिकारशाही सुमारे तीन दशके टिकली. कायदा करणे सोपे असते. तो मागे घेणे किती कठीण, हे यावरून दिसते.

याउलट रोजगार हमीचे पाहा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग आधी झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कसाला लागली. कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि १९७९ मध्ये अमलात आला. येथे अनुभव आधी आला, कायदा मागाहून. म्हणूनच पुढे देशाने तिच्याकडे आदर्श म्हणून पाहिले.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात कायद्याची जी मीमांसा केली, ती येथे उपयोगी पडते. समाजाच्या हितासाठी विवेकाने घालून दिलेली आणि जाहीर केलेली व्यवस्था म्हणजे कायदा, असे ते मानतात. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणाचा नायनाट करू पाहू नये आणि वारंवार बदलल्याने कायद्याचे बळ ओसरते, असेही ते सांगतात. कारण लोक कायदा पाळतात तो पुष्कळसा सवयीने. सवय जडण्याआधीच तो बदलला, तर त्याची जागा भीती घेते आणि भीतीच्या मागोमाग लाच येते. कायदेपंडिताचा सल्ला विकत घेणाऱ्याला नव्या कलमांचे भय नसते. ते असते कागद वाचू न शकणाऱ्या कोलाम वा पारधी मजुराला.

यावर कोणी म्हणेल, आपले विधिमंडळ मुळातच थोडे दिवस बसते. ते खरे आहे. मुंबईला दोन आणि नागपूरला एक अशी अधिवेशने प्रथेप्रमाणे होतात. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे, एवढेच राज्यघटनेचे बंधन आहे. तेव्हा कमी बसणे हाच काही सद्‌गुण नव्हे. अखेरच्या दिवशी गोंधळात विधेयके उरकली जातात आणि सभागृह नसताना अध्यादेश निघतात. बिहारमध्ये तेच तेच अध्यादेश वर्षानुवर्षे पुन्हा काढले जात होते. त्याला सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनेची फसवणूक म्हटले.

म्हणून अर्धवेळ विधिमंडळाला मर्यादा हव्यात. एका अधिवेशनात मांडलेले विधेयक पुढच्याच अधिवेशनात संमत व्हावे. मधल्या काळात ते सोप्या मराठीत ग्रामसभांपर्यंत जावे. अध्यादेश केवळ खऱ्या संकटात निघावा. समित्यांनी मात्र वर्षभर सरकारला जाब विचारावा. अमेरिकेतील टेक्सास राज्याचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, अधिकाधिक १४० दिवस भरते. स्वित्झर्लंडची संसद वर्षातून चार वेळा सुमारे तीन-तीन आठवडे बसते आणि अनेक सदस्य आपला व्यवसाय सांभाळतात. आपल्याकडे मानधन मात्र पुरेसे असावे. नाहीतर शेतमजुराला आमदारकी परवडणार नाही आणि सभागृह धनिकांचे होईल.

विनापरवाना सावकारीला १९४६ च्या कायद्यातही बंदी होती. २०१४ मध्ये अधिक कडक कायदा आला. परंतु मधल्या काळात कर्जाने पिचलेल्या कुटुंबांना उणीव भासली ती कलमांची नव्हे, तर आहे तो कायदा चालवणाऱ्या माणसाची. वाचकहो, नव्या कायद्याची मागणी करण्यापूर्वी जुना कायदा आपल्या गावात कोण पाळतो आणि कोण मोडतो, एवढे आपण पाहू या. आपल्या प्रतिनिधीने किती विधेयकांना हात वर केला, याहून कोणत्या अन्यायाविरुद्ध त्याने कितीदा तोंड उघडले, हे त्याला विचारू या.